साहेबांची बदली

चि. सौ. सूनबाईस,

अनेक आशीर्वाद. पत्र मिळालं. तू बरी आहेस, नव्या घराच्या मागे अंगण आहे आणि नळाला जोर आहे, हे वाचून बरं वाटलं. तुझ्या वर्कशॉपमधल्या सगळ्या हातापायांची प्रकृती ठीक असेल असं धरून चालतो. (शेजारचे घड्याळवाले परवा विचारत होते, सूनबाई डॉक्टर आहे का. मी म्हटलं, नाही, ती कृत्रिम पाय बनवते. त्यानंतर ते बराच वेळ माझ्या पायांकडे बघत राहिले.) इकडे आम्ही खुशाल. हवा बदलली की तुझ्या सासूबाईंचा गुडघा बोलतो, आणि हवा बदलली नाही की त्या स्वतः बोलतात. तुझ्या नवऱ्याचंही ठीकच म्हणायचं. जेवतो, दुकानात जातो, लोकांना चष्म्याचे नंबर देतो, परत येतो. दिवसभर दुसऱ्यांकडून खालच्या ओळीतली अक्षरं वाचून घेणारा माणूस घरी आला की स्वतः एक अक्षर बोलत नाही.

आता मुद्द्याचं. तू लिहिलंस, ‘जागेची सोय झाली आहे, साहेबांना माझ्याकडे पाठवून द्या.’ मी ते जेवणाच्या टेबलावर मोठ्याने वाचलं. तुझ्या सासूबाई म्हणाल्या, “बघू,” आणि कागद उलटा करून मागच्या बाजूला आणखी काही आहे का ते पाहिलं. नव्हतं. तुझा नवरा म्हणाला, “कुत्रा तिचाच आहे,” आणि पानात मीठ वाढून घेतलं. मग थोड्या वेळाने परत वाढून घेतलं.

तुमच्या दोघांच्या मधे मी कधी पडलो नाही आणि पडणारही नाही. (हे वाक्य लिहायच्या आधी मी तुझ्या सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या नुसत्या हसल्या.) पण मी जन्मभर बस चालवली आहे, त्यामुळे एक गोष्ट मला कळते. उतरलेला माणूस सीटवर रुमाल टाकून गेला असेल, तर तो चहा पिऊन परत येणार असतो. रुमाल उचलून नेला की सीट मोकळी. तू वर्षभरासाठी म्हणून गेलीस, ते वर्ष कधीच सरलं, मुदत वाढली, मग फोनवर तुमचं बोलणं गॅसच्या नंबरावर आणि कपाटाच्या किल्लीवर आलं, तरी मी निश्चिंत होतो, कारण साहेब इथे होते. आणि आता तू साहेबच मागतेस.

तेव्हा साहेबांना पाठवणं का शक्य नाही, ते नीट समजून घे.

एक तर त्यांना गाडी लागते. ज्याने आयुष्यात हजारो माणसं घाटातून सुखरूप उतरवली त्याच्या घरातल्या कुत्र्याला गाडी लागावी, यासारखी नामुष्की नाही. मागच्या महिन्यात डॉक्टरकडे नेताना त्यांनी पहिल्याच वळणावर मान टाकली. दुसऱ्या दिवशी तुझ्या नवऱ्याने दुकानात फोन केला, की साहेबांना सारख्या उलट्या होतायत, मी आज येऊ शकत नाही. फोन नेमका दुकानातल्या साहेबांनीच उचलला होता. ते म्हणाले, “मला काही झालेलं नाही, तू ये.” नाव तू ठेवलंस आणि निस्तरतोय आम्ही.

दुसरं म्हणजे धरण. तिथे तुमच्याकडे आहे का धरण? अंगण आहे म्हणतेस, पण अंगण म्हणजे काय गं, चार कोपरे हुंगले की संपलं. तू गेल्यापासून रोज सकाळी मीच त्यांना धरणावर नेतो. सुरुवातीला माझा विचार असा होता, की जन्मभर बसून काम केलं, आता निवृत्तीत तरी निवांत बसावं. साहेबांचं मत वेगळं पडलं. ते फिरतं फाटक तुला आठवत असेल. साहेब एका बाजूने शिरतात, मी दुसऱ्या बाजूने, साखळी फाटकाच्या दांड्याला गुंडाळली जाते आणि आम्ही एकमेकांना खिंडीत पकडल्यासारखे बघत राहतो. मग भिंतीवरून सरळ वाट, मग झाडी, मग ती लव्हाळ्यांची ओलसर वाट, जिथे साहेब आपल्या हुद्द्याला न शोभेल असं लोळतात. तो गळ टाकून बसणारा लठ्ठ गृहस्थ आता आम्हाला पाहिलं की डबा मांडीवर घेतो. (डब्यात माशांसाठी मळलेले कणकेचे गोळे असतात. एकदा ते साहेबांनी संपवले. माशांची तक्रार नव्हती, त्याची होती.)

आणि त्या वाटेवर माणसांना नाव नसतं हे तू मला कधी सांगितलं नव्हतंस. कुत्र्यांची नावं सगळ्यांना पाठ. मी ‘साहेबांचे आजोबा’ आहे. ती उंच कुत्रीवाली शिक्षिका, तिच्या कुत्रीचा खाण्यापिण्याचा सगळा इतिहास मला माहीत आहे, पण बाईंचं नाव विचारायचं धाडस नाही. अजूनही कोणी ना कोणी थांबून विचारतं, “साहेबांची आई दिसत नाही हल्ली?” मी सांगतो, कामासाठी गेली आहे, येईल. हे इतक्यांदा सांगितलं आहे, की आता ते विचारतात तेव्हा साहेबसुद्धा माझ्या तोंडाकडे बघतात.

आता जे घडलं ते सांगतो. तुझ्या नवऱ्याने सांगू नका म्हटलंय, म्हणून थोडक्यात सांगतो.

रविवारी मी साखळी घेतली तर तुझा नवरा बूट घालून दारात उभा. “मीही येतो,” म्हणाला. तू गेल्यापासून तो त्या बाजूला फिरकला नव्हता, खरं तर तू होतीस तेव्हाही नाही. दुकानात जायचे बूट, इस्त्रीची पँट. आभाळ भरून आलं होतं, बारीक भुरभुर होती, वाटेवर फारसं कोणी नव्हतं. त्या पाण्यातल्या मनोऱ्यासमोर, जिथे धरण अरुंद होतं, तिथे पोचलो आणि पलीकडच्या काठावर झाडांमधून एक पिवळा रेनकोट चालताना दिसला. अगदी तुझ्यासारखा, तो मागे टोपी लटकणारा. चालही तशीच, घाईची.

साहेबांनी एक हिसका दिला, साखळी माझ्या हातातून गेली आणि साहेब पाण्यात. पोहायला लागले की सरळ पलीकडे! मी “साहेब! साहेब!” म्हणून ओरडतोय (लांबून बघणाऱ्याला काय वाटलं असेल देव जाणे), आणि तेवढ्यात माझ्या शेजारून एक आवाज आला. “अगंऽऽ!” तुझा नवरा. दोन्ही हात तोंडाशी धरून, पाण्याकडे बघून, “अगं ए! अगं, थांब!” सूनबाई, हा मुलगा लहानपणीसुद्धा ओरडायचा नाही. पडला तरी आत येऊन हळूच सांगायचा. त्याच्या पोटात एवढा आवाज आहे हे मला बाप असून माहीत नव्हतं.

आणि मग तो चालायला लागला. पाण्यात. बूट गेले, गुडघे गेले, चष्मा गेला. कंबरेपर्यंत पाण्यात उभा राहून तो आंधळ्यासारखा पलीकडे बघत होता.

रेनकोट थांबला, वळला. त्याला मिशा होत्या. पाण्याची पातळी मोजायला आलेला पाणी खात्याचा माणूस होता तो. साहेब काठावर चढले, त्याला हुंगलं, आणि त्यांचा चेहरा असा पडला, की त्या माणसाने बिचाऱ्याने त्यांची माफी मागितली. मग साहेबांनी अंग झटकून त्याला नखशिखांत भिजवलं आणि आल्या वाटेने पोहत परत आले.

एवढ्यात शिट्टी वाजवत पहारेकरी आला. “पाटी वाचली नाही? कुत्रं आणायला परवानगी आहे, पोहायला नाही.”

मी म्हटलं, “कोणाला, कुत्र्याला की माणसाला?”

“दोघांना!” तो म्हणाला. मग त्याने पाण्यात उभ्या असलेल्या तुझ्या नवऱ्याकडे नीट पाहिलं आणि आवाज उतरवून मला विचारलं, “यांचं काही हरवलंय का?”

काय सांगणार? मी म्हटलं, चष्मा.

नंतर आम्ही बाकावर बसलो. मी थर्मासमधला चहा दिला. त्याच्या पँटमधून पाणी गळत होतं, साहेबांच्या पोटाखालून पाणी गळत होतं, दोघांचे चेहरे सारखेच. बुटातलं पाणी ओतून तो म्हणाला, “बाबा, ती रोज इथेच यायची?”

“रोज.”

“मला कधी बोलावलं नाही तिने.”

“बोलावलं होतं. माझ्यासमोर बोलावलं होतं. तू म्हणालास, काय आहे तिथे बघण्यासारखं?”

चष्मा नव्हता, त्यामुळे त्याला समोरचं काही दिसत नसणार, तरी तो चहा गार होईपर्यंत धरणाकडे बघत होता.

असो. विषय साहेबांचा होता. तर गाडी लागते, धरणाची सवय आहे, आणि तुझ्या सासूबाई वरवर काही म्हणत असल्या तरी पोळ्या करताना एक छोटी वेगळी लाटतात आणि ती चुकून झाली असं सांगतात. या सगळ्याचा विचार करता साहेबांना पाठवणं जमणार नाही, हे तू समजून घेशील. तुला त्यांची फारच आठवण येत असेल तर त्यावर सोपा उपाय आहे, पण तो मी सुचवणार नाही, कारण मी मधे पडत नाही.

अंगणाची काळजी घे, आणि स्वतःचीही. उभ्याने जेवू नकोस.

तुझा सासरा (त्यातल्या त्यात बरा, असं तूच एकदा म्हणाली होतीस),
बाबा

ता. क. वरचं सगळं रद्द समज. पत्र लिहून पाकीट शोधत होतो तेवढ्यात तुझा नवरा आला आणि म्हणाला, “बाबा, साहेबांना मीच नेऊन सोडतो.” मी गाडी लागण्याचं काढलं. तो म्हणाला, लागली की उतरू, थोडं चालू, पुढची गाडी पकडू. दुकानातून रजा घेतली आहे. किती दिवसांची ते विचारलं, तर बूट पुसायला लागला.

ता. क. २. घर आत्तापासूनच फार आवरलेलं दिसतंय. तुझ्या सासूबाईंनी विचारलं, कुत्रा नसला तर आपल्याला धरणावर फिरू देतात का? मी म्हटलं, देतात. पण उद्या जाऊन एकदा पाटी वाचून येतो.

ता. क. ३. हे पत्र टपालाने न पाठवता त्याच्याच हाती देतोय. पाकीट चिकटवलेलं आहे, आत काय आहे त्याला माहीत नाही. साहेबांना तू ठेवून घेशीलच, दुसऱ्याचं काय करायचं ते तुझं तू ठरव, मी एका शब्दाने विचारणार नाही. फक्त एवढंच, की तो बेल वाजवून पाकीट तुझ्या हातात देईल आणि पायरीवरच उभा राहील. ये म्हटल्याशिवाय तो आत यायचा नाही, आणि पत्र माझ्याकडून जरा लांबलंय. पोरी, आधी त्याला आत घे.