बोटीत एक जागा रिकामी आहे

चिरंजीव धाकटीस थोरलीचे भरपूर आशीर्वाद. त्यातले निम्मे तुझ्या गुडघ्यांना, कारण माझं काम त्यांच्याशी आहे. (काय काम ते पुढे येईल, शेवटचं पान आधी उघडू नकोस.) तुझा खोकला गेला असेल, भूक लागत असेल आणि झोप वेळेवर येत असेल असं धरून चालते. माझं विचारशील तर दोन दात कमी, बाकी सगळं जागच्या जागी आहे. फोन का नाही केला म्हणशील. फोनवर तू "बघू" म्हणतेस आणि ठेवून देतेस. पत्राला "बघू" म्हणता येत नाही.

सांगते मी, लिहिणारा हात सुनेचा आहे. तिचं तुला ठाऊकच आहे, भल्या सकाळी पिशवी घेऊन घरोघर लोकांचं रक्त काढायला जाते, दुपारभर प्रयोगशाळेत त्या नळ्या लावते आणि संध्याकाळी घरी येऊन स्वतःचं रक्त माझ्याकडून आटवून घेते. (हे लिहिलंस का? वाच बघू. अगं, "हे लिहिलंस का" हे नव्हतं लिहायचं. आता असू दे.)

धाकटे, आमच्या घरात नदी शिरली आहे. पुराची असती तर पुसून काढली असती. ही ठरवून आणलेली आहे आणि आणणारी मी आहे, म्हणून कोणाच्या नावानं खडे फोडायचीही सोय राहिली नाही.

झालं असं, की गेल्या महिन्यात पावसानं आठ दिवस डोळा उघडला नाही. घरभर दोऱ्या, दोऱ्यांवर ओले कपडे. बोळकांडीत मुलाची पँट अशी लटकलेली की मी दोनदा तिला "जेवलास का" विचारलं. सून मोरीपाशी भांडी घासत होती, पाठ माझ्याकडे. आणि घासता घासता म्हणाली, "मला वाटतं आई, कुठेतरी वाहून जावं." धाकटे, एकोणीस वर्षं झाली या बाईला या घरात येऊन. "चालेल" म्हणते, "बघते" म्हणते, "असू दे" म्हणते. "मला वाटतं" हे दोन शब्द मी तिच्या तोंडून पहिल्यांदा ऐकले. म्हटलं, आता हिची ही इच्छा पुरी केली नाही तर मी सासू कसली. त्याच संध्याकाळी नातीला विचारलं, माणसांना वाहून नेतात आणि पुन्हा आणून सोडतात असं काही असतं का ग? तिनं फोनमध्ये पाहिलं. असतं म्हणाली. भर पावसाळ्यात नदी फुगली की रबराच्या बोटीत सहा माणसं बसवतात, प्रत्येकाच्या हातात एक वल्हं देतात आणि मागे एक जण ओरडायला बसतो. शनिवार-रविवार, राहायला तंबू. मी म्हटलं, हेच. सुनेला सांगितलं तर तिनं घासलेलं पातेलं पुन्हा घासायला घेतलं आणि म्हणाली, "चालेल." आनंदानं बोलता येईना बिचारीला.

मला बोटीत घेत नाहीत. पासष्टच्या पुढे मनाई आहे आणि मी एकाहत्तरची. मी काठावर छत्री घेऊन बसणार. त्याची मला सवय आहे. लहानपणी तू डोहात सूर मारायचीस आणि मी वर तुझे कपडे राखत बसायची. (कोणी पळवायला आलं नाही, ते राखण चांगली होती म्हणून की कपडे तसले होते म्हणून, हे अजून ठरलेलं नाही.)

तर सहा माणसं. मुलगा, सून, नात, लेक, जावई, आणि वरच्या मजल्यावरचे बुडबुडे मास्तर, जे तलावात पोरांना पोहायला शिकवतात. बोटवाल्यानं फोनवर बजावलं, सहा पाहिजेत, पाचवर बोट सुटत नाही. मला वाटलं सहा माणसं जमवणं काय मोठं. सहा माणसं भांडायला दोन मिनिटांत जमतात आमच्याकडे.

पहिलं विघ्न माझ्या चिरंजीवांनी आणलं. तो लिफ्ट दुरुस्त करतो हे तू जाणतेसच. सगळा जन्म वर-खाली करण्यात गेला, आडवं कुठं जायचं म्हटलं की त्याला घाम फुटतो. त्यानं बोटवाल्याला विचारलं, जरा पाऊस नसेल असा शनिवार मिळेल का? बोटवाला म्हणाला, साहेब, पाऊस नसेल तर इथे नदी नसते, नुसते धोंडे असतात. दुसरं विघ्न वजनाचं. बोट एका बाजूला कलू नये म्हणून प्रत्येकाचं वजन कळवायचं होतं. लेकीनं लग्नातलं कळवलं. जावयानं तिच्याकडे नुसतं पाहिलं, तर दोन दिवस त्या घरात अबोला. नात म्हणाली, "आत्या, बोटीला खरं कळतं ग." मग तिच्याशीही अबोला. मी म्हटलं, अजून पाण्यात पाय नाही आणि निम्मी बोट बुडाली.

तिसऱ्या दिवशी मुलानं तालीम काढली. पलंगाच्या दोन्ही काठांवर तिघं तिघं, हातात झाडू, मी खुर्चीत बसून "पुढं!" आणि "मागं!" ओरडणार. पलंग जरा सरकला, मला वाटलं जमतंय. तेवढ्यात जावयाचा झाडू मास्तरांच्या चष्म्याला लागला आणि खालच्या मजल्यावरून छताला काठी ठोकल्याचा आवाज आला. मास्तर चष्मा चाचपत म्हणाले, "तिथल्या पाण्याचा तळ दिसतो ना?" नात म्हणाली, छे, गढूळ लाल पाणी असतं, हात घातला तर हात दिसत नाही. मास्तर उठले. तळ दिसत नाही अशा पाण्यात ते उतरत नाहीत म्हणे, त्यांचा नियम आहे. तीस वर्षं माणूस पोहतोय ते निळ्या फरशीच्या भरवशावर! पाच उरले.

आणि पुढचं पाप माझं. बोटवाल्यानं चार पानी कागद पाठवला, सह्या करून द्या म्हणून. सगळ्यांनी खालच्या रेघेवर पेन टेकवलं. मी म्हटलं, वाचा आधी. मुलगा म्हणाला, "आई, असले कागद कोणी वाचत नाही." मी म्हटलं, ज्यांना वाचता येतं त्यांनाच हे परवडतं, मला ऐकवा. मग नातीनं मोठ्यानं वाचायला घेतलं. बोट उलटणे हा या खेळाचाच भाग समजावा. खडक, भोवरे, झाडाचे ओंडके व सहप्रवाशाचे वल्हे यांपासून होणाऱ्या इजेस चालक जबाबदार नाही. हरवलेला चष्मा, दात, अंगठी वा शुद्ध परत मिळण्याची हमी नाही. जावई म्हणाला, "ते पुन्हा वाच." तो विमा विकतो, धाकटे. वीस वर्षं लोकांना "इथे सही करा" म्हणत आला, बारीक अक्षर स्वतःच्या कानांनी पहिल्यांदाच ऐकलं. पेनाला टोपण लावलं आणि म्हणाला, शनिवारी एक महत्त्वाची गाठभेट आहे. लेकीनं विचारलं, मग रविवारी जाऊ या? "रविवारीही आहे." चार.

सुनेचं तोंड एवढंसं झालं. एकेक माणूस गळायचं तसतशी ती सुकत होती, मी बघत होते ना. मी झोपलेय असं समजून दोनदा तिनं स्वतः बोटवाल्याला फोन केला, पाचवर अगदीच जमणार नाही का हो, काहीतरी करा ना. एवढी ओढ! शेवटी तिनंच कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याला राजी केलं. पावसात कोणाचेच कपडे वाळत नाहीत, तो गेला महिनाभर थंड इस्त्रीसमोर बसून आहे. म्हणाला, बुडलो तरी निदान बाहेर पडणं होईल. असे झाले पाच.

सहावं माणूस मिळत नाही, धाकटे. दूधवाला झाला, शिंपी झाला, मुलाच्या कामावरचे दोन गडी झाले. नातीच्या मैत्रिणींना आयांनी कोंडून ठेवलंय. लिफ्ट बंद पडली त्या दिवशी आत अडकलेल्या माणसालाही मुलानं दार उघडायच्या आधी विचारलं. तो नाही म्हणाला. (दार उघडलं नंतर. जरा वेळानं.) पुढच्या गुरुवारपर्यंत सहावं नाव गेलं नाही तर बोट दुसऱ्यांना देणार. मला काही सुचत नाही. अन्न गोड लागत नाही. एकोणीस वर्षांत एक गोष्ट मागितली पोरीनं, ती मी कागद वाचायला लावून घालवली. या घरात मी आता तोंड दाखवायच्या लायकीची राहिले नाही. (सून म्हणते असं नको लिहायला. अगं, सांगते तसं लिही तू.)

असो. तुझ्या घरातल्या लहानथोरांना माझी आठवण सांग, आणि मोठी बहीण कशी आहे कोणी विचारलं तर खंगली म्हण.

थोरली

ता. क. तुला चौसष्ट पुरी झाली, पासष्ट पुरी व्हायला चार महिने आहेत. एवढ्या बेतशीर वयाचं माणूस आपल्या सगळ्या नात्यात दुसरं नाही.

ता. क. दुसरा. तुझं नाव कालच कळवून टाकलंय. वजन अंदाजानं सांगितलं. गुरुवारच्या आत ये, आणि चिडायचं असेल तर इथे येऊन चिड.

ता. क. तिसरा. मावशी, हे मी लिहिते आहे, तुमची भाचेसून. आईंना वाचून दाखवताना एवढा भाग गाळणार आहे. तुम्ही नक्की या. पण एकट्या येऊ नका, आणखी एकाला आणा, कारण शुक्रवारी माझा पाय मुरगळणार आहे. मला नदी नको, मावशी. मला पाण्याची भीती वाटते. मला फक्त हे सगळे दोन दिवस एकदम घराबाहेर हवेत, आईसुद्धा. दार लावून पालथं पडायचंय, कोणाची हाक यायला नको, उठल्यावर एकच कप विसळायचा. आईंनी इतक्या हौसेनं मांडलंय की तोंडावर सांगवत नाही. रागावू नका. कोणीच गेलं नाही तर मात्र मी काय करीन मला माहीत नाही.

ता. क. चौथा. धाकटे, मी पुन्हा, हात तिचाच. मी नुसतं "पाकीट बंद कर" म्हटलं होतं, पण पेन चहा गार होईपर्यंत चालत राहिलं. अक्षर मला कळत नाही, पेनाचा आवाज कळतो. काय लिहिलंस म्हणून तिला विचारलं नाही आणि विचारणार नाही. तिचं आणि माझं कुठे जुळत नसेल, तर तिनं लिहिलंय तसं कर.