पन्नास मीटरची पिन

९ मार्च, रविवार

चिमे,

अनेक आशीर्वाद. आम्ही सगळे बरे आहोत. बाबांचा खोकला कमी झालाय. आईने पडदे धुतले आणि ते आटले, म्हणून दोन दिवस ती कुणाशी धड बोलत नव्हती. गोदामातली नोकरी जमतेय ना? उभं राहून पाय सुजत असतील तर झोपताना पायाखाली उशी घे.

तुझं पत्र मिळालं. ‘लांब अंतरावर माझा हात कापतो, धनुष्य विकून टाक,’ असं लिहिलंयस. काल एक गिऱ्हाईक आलंही होतं. मी त्याला परत पाठवलं. का, ते सांगायचंय. सकाळपासून दोन कागद फाडून झाले.

माझा खांदा गेला तेव्हा मीच माझं धनुष्य तुझ्या हातात दिलं. मनापासून दिलं होतं, एवढं खरं मान. पण सहा वर्षं घासून मी जिथे पोचले, तिथे तू अकरा महिन्यांत पोचलीस. आईने तुझ्या कपांसाठी माझे कप मागच्या फळीवर सरकवले. सर सगळ्यांसमोर म्हणाले, “मोठीने मेहनत केली, पण हात धाकटीचा.” मी हसले. घरी येऊन भांडी आदळली आणि तुला सांगितलं, डोकं दुखतंय.

निवड स्पर्धेच्या आदल्या दिवशी मैदानावर आपण तुझ्या धनुष्यावरच्या नेम धरायच्या पिना लावत होतो, प्रत्येक अंतराची वेगळी. सगळ्यांत वरची वीस मीटरची, तिच्याखाली तीस, मग चाळीस. तू तीन बाण मारायचीस, ते खाली लागले की मी पिन किंचित खाली घ्यायची आणि स्क्रू आवळायची. पन्नासची लावायला तासभर गेला. शेवटचे तीनही बाण मधल्या पिवळ्या वर्तुळात लागले. तू पाणी प्यायला निघालीस आणि जाता जाता म्हणालीस, “ताई, तू लावलीस म्हणजे आता मी बघणारसुद्धा नाही.”

तू नळाशी होतीस. मी पन्नासचा स्क्रू सैल केला, पिन केसभर वर सरकवली आणि पुन्हा आवळला. पिन वर गेली की बाण खाली लागतो, हे तुला मीच शिकवलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्पर्धेआधी सरावाचे बाण फक्त वीस मीटरवर मारायला मिळाले, त्यामुळे तुला काही कळलं नाही. पन्नासवर पहिले सहा बाण खाली गेले. तू माझ्याकडे आलीस. आठवतं ना?

“ताई, पिन सरकलीय का गं?”

“पिन बरोबर आहे. तुझा हात खाली येतोय.”

पिन सरकवली तेव्हा डोकं ठिकाणावर नव्हतं, असं म्हणून मी स्वतःला सोडवू शकले असते. पण हे वाक्य मी अगदी शांतपणे बोलले. तू मान हलवलीस आणि परत रेषेवर जाऊन उभी राहिलीस. दोन गुणांनी तुझी निवड हुकली. तू रडलीस तेव्हा मी तुझ्या पाठीवरून हात फिरवत होते, आणि मला बरं वाटत होतं, चिमे. हे लिहिताना लाज वाटतेय, पण तेव्हा बरं वाटलं होतं.

तू खेळ सोडशील असं वाटलं नव्हतं. चार महिने वाट पाहिली, तू आपणहून परत येशील म्हणून. तुझं पत्र आलं आणि मी सरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, “हे तिला तूच कळव. आणि तिच्या पिनांना पुन्हा हात लावू नकोस.”

लावलेला नाही. धनुष्य उद्या पार्सलने निघेल, त्या दिवशी होतं तसंच. एखादं मैदान शोध, पन्नासवर उभी राहा आणि तीन बाण मार. तिन्ही खाली लागतील, पण एकमेकांना चिकटून. कापणाऱ्या हाताचे बाण असे लागत नाहीत. मग पिन तुझ्या हाताने खाली घे.

आईबाबांना अजून सांगितलेलं नाही. सांगायचं की नाही, ते तू ठरव. तू म्हणशील त्या दिवशी मी सांगेन.

माफ कर असं लिहीत नाही. तो हक्क मी त्या मैदानावरच घालवला.

तू अजून म्हणत असशील तर,
तुझी ताई