गादीचं गिऱ्हाईक परत येत न्हाई

मंगळवार, दिवेलागण

डोकं अजून भणभणतंय. दुकान बंद ठेवून छोट्या व्यावसायिकांच्या शिबिराला गेलो. पुण्याहून आलेल्या सरांनी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, गिऱ्हाईक परत परत आलं पाहिजे. सलूनवाल्यानं मान डोलावली, चहावाल्यानंबी डोलावली. त्यांचं खरंय. पण मी गाद्या भरतो. माझं गिऱ्हाईक महिन्यात परत आलं म्हंजी गादीत गोळे झालेत आन् ते भांडायला आलंय.

उठून तसं सांगितलं. राहू गावच्या आप्पांची गादी माझ्या अब्बांनी भरलेली, आप्पा अजून तिच्यावरच झोपतात, हेबी सांगितलं. सर म्हणाले, "मानसिकता बदला." काय बदलू? कापूस कमी भरू? आप्पा परत आले न्हाईत, पण निम्मं गाव त्यांनीच माझ्याकडं धाडलं. ते फळ्यावर कुठं लिहायचं, हे विचारायचं राहिलंच. आता सुचून काय उपयोग.

शिबीर संपल्यावर सर कमरेवर हात ठेवून माझ्याजवळ आले. हळूच म्हणाले, "फोमच्या गादीनं कंबर धरलीय हो. कापसाची एक भरून द्याल का?"

म्हटलं, "देतो की. परत परत यावं लागंल अशी भरू, का आप्पांसारखी?"

"आप्पांसारखीच भरा."

उद्या दौंडला त्यांचं शिबीर हाय. तिथंबी फळ्यावर तेच लिहिणार.