तीन मजले, चोपन्न पायऱ्या

२ फेब्रुवारी, रविवार
लेक येऊन गेली. येताना एका घराचा प्लॅन घेऊन आली होती. तळमजला, दोन खोल्या, तिच्या घरापासून पाच मिनिटांवर. म्हणे तुमच्या इमारतीला लिफ्ट नाही, तिसरा मजला आता झेपायचा नाही. मी अडुसष्ट वर्षांचा आहे, अठ्ठ्याण्णव नाही. छत्तीस वर्षं बेअरिंगच्या कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्टर होतो. काय झेपतं आणि काय नाही, हे मला कोणी शिकवू नये.

हे घर मी सोडणार नाही. मागच्या खिडकीपाशी माझं टेबल आहे, उजेड थेट हातावर पडतो. तळमजल्यावर काय, डास आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या चपला.

बरीच बाचाबाची झाली. शेवटी ठरलं. २ मार्चला ती परत येणार. तिच्यासमोर मी खालपासून वरपर्यंत न थांबता चढायचं. एकूण चोपन्न पायऱ्या. जमलं तर विषय कायमचा बंद, नाही जमलं तर सामान बांधायचं.

आमच्या हिने प्लॅनची घडी घालून स्वतःच्या कपाटात ठेवला. हिला कुठलाच कागद टाकवत नाही.

३ फेब्रुवारी, पहाटे ५
उठलो! वेळापत्रक आखायला घेतलं. लाल शाईत व्यायाम, निळ्या शाईत विश्रांती. चालणे, जिने, बैठका, दीर्घ श्वसन. समास नीट येईना म्हणून दोनदा फाडलं. पूर्ण झालं तेव्हा साडेसात वाजले होते, व्यायामाची वेळ टळून गेली होती. हरकत नाही. कागदावर काम पक्कं असलं की पुढचं आपोआप होतं.

४ फेब्रुवारी
वजनकाटा आणला. ८१.४ किलो. काटा चुकीचा आहे. पाच किलोची पिठाची पिशवी ठेवून तपासला. बरोबर पाच दाखवले. म्हणजे हलक्या वजनाला बरोबर आणि जड वजनाला चुकतो. अशी कितीतरी यंत्रं मी कंपनीला परत पाठवली आहेत. दुकानदार म्हणाला, काका, काट्याला काही झालेलं नाही. त्याचा सूर मला आवडला नाही.

६ फेब्रुवारी
प्रत्यक्ष सराव सुरू. पहिला मजला, अठरा पायऱ्या, न थांबता!! तिथे शिंप्याचं दार उघडं होतं. त्याने नमस्कार केला. माणुसकी म्हणून थांबावं लागलं. दहा मिनिटं बोललो, म्हणजे तो बोलला, मी मान हलवली.

रात्री विचार केला. हजार नगांची पेटी आली की आपण हजार नग तपासत नाही. मोजके तपासतो. ते पास, तर पेटी पास. सगळे मजले सारख्याच उंचीचे. एक मजला पास झाला, तर तिन्ही पास. रोज फक्त पहिला मजला नीट चढायचा. वरचे दोन मी घरी पोहोचण्यासाठी चढतो, ते सरावात धरत नाही. त्यात थांबलो तर थांबलो.

९ फेब्रुवारी
हिला म्हटलं, चल माझ्याबरोबर बागेत. म्हणाली, तुम्ही या जाऊन. या आठवड्यात तिसऱ्यांदा. वर गुडघ्याचं तुणतुणं. मी तिला माझ्या वेळापत्रकाची एक प्रत करून दिली, बैठकांखाली लाल रेघ मारून. संध्याकाळी पाहतो तर त्या कागदावर धुतलेल्या वाट्या निथळत होत्या. आळसाला औषध नाही.

११ फेब्रुवारी
बागेत 'स्प्रिंग' भेटला. हे नाव मी ठेवलंय. वय चौऱ्याहत्तर, चालतो असा की टाच जमिनीला लागतच नाही. त्याने न विचारता सल्ला दिला. जिन्याच्या नादी एकदम लागू नका, आधी खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठा-बसा, म्हणाला. दहा! मी काय बालवाडीत आहे?

घरी करून पाहिलं. सात. खुर्ची फार बुटकी आहे.

१४ फेब्रुवारी
हिने नवा उद्योग काढलाय. दोरीला टोपली बांधून खिडकीतून खाली सोडते. भाजीवाला त्यात भाजी टाकतो, ही वर ओढते. दोरी मी तपासली, चांगली आहे. गाठ मात्र बदलून दिली. आळशी माणसाला युक्त्या बऱ्या सुचतात. मी म्हटलं, खाली उतरलीस तर तेवढंच चालणं होईल. तिने माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि भेंडी निवडायला घेतली.

१७ फेब्रुवारी
डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी सांगितलं, हृदय ठीक, रक्तदाब ठीक, पायात ताकद नाही, रोज अर्धा तास चाला. चारपैकी दोन गोष्टी ठीक आहेत. इतक्या चांगल्या रिपोर्टनंतर आज व्यायामाची गरज वाटली नाही.

२० फेब्रुवारी
रंगीत तालीम करायला गेलो. पहिला मजला उत्तम. शिंप्याला हातानेच थांब म्हटलं. दुसऱ्या मजल्यावर विजेचे मीटर आहेत. त्यातला एक जरा जोरात फिरतोय असं वाटलं, म्हणून थांबलो. इन्स्पेक्टरची नजर, काय करणार! आकडे टिपले. मग दुसऱ्या मीटरचेही टिपले. शेजारीण दार उघडून विचारू लागली, वीज कंपनीकडून आलात का. मी हो म्हटलं. बोलायला दम नव्हता.

२३ फेब्रुवारी
गुडघा ठणकतोय. माझा. हा खरा ठणका आहे, कष्टाचा. हिने मलम चोळून दिलं. चोळताना म्हणाली की वरून खाली उतरताना जास्त दुखतं. मी म्हटलं, नाही, मला चढताना दुखतं. तिने बाटलीचं झाकण लावलं.

तीन दिवस विश्रांती.

२८ फेब्रुवारी
विश्रांती दोन दिवसांनी वाढवली. मोठे खेळाडू स्पर्धेआधी अंग राखून ठेवतात. पायात कमालीची ताकद साठली आहे, पलंगावर पडल्या पडल्या जाणवते. वजन ८२.१. काटा अजून बिघडला.

१ मार्च
नवे बूट आणले. आता काळजी नाही.

२ मार्च, रविवार
सगळं लिहितोय. लिहायला नको वाटतंय, तरी लिहितोय.

लेक दहाला आली. मी बूट घालून खाली उभा होतो. तिने मोबाईलवर वेळ लावली आणि माझ्या मागोमाग चढू लागली. पहिला मजला झोकात. शिंपी दारात उभा होता, त्याच्याकडे पाहिलंही नाही. अठ्ठाविसाव्या पायरीला कानात घूं घूं सुरू झालं. बत्तिसाव्याला पाय दुसऱ्याच कोणाचे झाले. छत्तिसावी चढलो आणि मीटरसमोर खाली बसलो. पडलो नाही, बसलो. लेक घाबरली, तिने वर हाक मारली, आई, पाणी!

आणि ही पाणी घेऊन उतरायला लागली.

मी खालून पाहत होतो. आडवी होऊन उतरत होती, कठडा एका हाताने घट्ट धरलेला, दुसऱ्या हातात बाटली. एक पाय खाली, मग दुसरा त्याच्या शेजारी, मग थांबायचं, ओठ दाबायचे. प्रत्येक पायरीला. लेक ओरडली, आई, तू कशाला उतरलीस! तिला ठाऊक होतं. हिने तिला फोनवर सांगितलं होतं. डिसेंबरच्या मध्यापासून ही एकदाही खाली उतरलेली नाही. अकरा आठवडे! तळमजल्याचं घर लेकीने तिच्यासाठी शोधलं होतं. माझं नाव पुढे केलं, कारण हिने बजावलं होतं की माझं दुखणं पुढे करू नकोस, माझ्यापायी त्यांचं टेबल सुटायला नको.

मी विचारलं, मला का नाही सांगितलंस? ही माझ्या शेजारी बसत म्हणाली की चार वेळा सांगितलं, तुम्ही मला वेळापत्रक दिलंत.

केसाएवढी चीर मी नुसत्या डोळ्यांनी पकडायचो. साहेब लोक पाहुण्यांना बोलावून दाखवायचे. आणि ही अकरा आठवडे माझ्यासमोर भिंत धरधरून वावरत होती. मला लाज वाटली. दुसरा शब्द नाही.

लेकीला म्हटलं, त्या घराला हो सांगून टाक. हे मी तुझ्या आईसाठी करतोय, माझ्या बसण्याचा याच्याशी काही संबंध नाही. लेक हो म्हणाली. हिने उरलेलं पाणी मला दिलं.

मग वरच्या अठरा पायऱ्या आम्ही दोघांनी बरोबरच सुरू केल्या. लेक मध्ये, डाव्या-उजव्या हाताला एकेक. शेवटी माझ्यासाठी थांबत राहणं हिला अवघड जाईल म्हणून पुढे जाऊ दिलं.

हिला वर पोहोचायला नऊ मिनिटं लागली. मला अकरा.