पाच महिने न बदललेलं पाणी

बाबा, गेल्या रविवारी मी माझ्या हाताने आमच्या घरात विष केलं आणि ते तुझ्या जावयाच्या छातीत गेलं. आज सहावा दिवस. ते परवा हॉस्पिटलमधून घरी आले, आतल्या खोलीत झोपलेत. डॉक्टर म्हणाले, आता काळजीचं कारण नाही. तरी मी दर दहा मिनिटांनी दारात जाऊन त्यांची छाती वरखाली होते का ते बघते. भाजी चिरता चिरता माझा हात थांबतो आणि विळीसमोर आपण कशाला बसलोय हेच आठवत नाही. माझं मन अजून त्या रविवारच्या दुपारीच उभं आहे, बाथरूमच्या दाराशी, हातात पातेलं घेऊन.

तुला पहिल्यापासून सांगायला हवं. तू गेलास त्याला बावीस वर्षं झाली. तेव्हा माझं लग्न झालं नव्हतं, विरारचा हा फ्लॅट नव्हता, आणि लोक काचेच्या पेटीत समुद्र पाळतात हे तुझ्या कानावरही आलं नसेल. आमच्या हॉलमध्ये टीव्हीशेजारी तीन फुटांची तशी पेटी आहे. यांच्या ऑफिसातल्या एकाची बदली झाली, त्याला ती नेता येईना, म्हणून सहा वर्षांपूर्वी आमच्याकडे आली. आत खारं पाणी, सच्छिद्र दगड, दोन नारिंगी-पांढरे मासे, आणि दगडांवर फुलांसारखी उमलणारी जिवंत कोरल. हे घाटावरचे, लहानपणी विहिरीपलीकडे पाणी पाहिलेलं नाही. पहिल्या दिवशी पेटीकडे बघून म्हणाले, "हे तुझं खातं. मला यातलं काही विचारू नकोस." मग मीच शिकले. फिल्टरचं पाणी बादलीत घ्यायचं, त्यात पाकिटातलं मीठ घालायचं, एक दिवस हलत ठेवायचं, खारटपणा मोजायचा आणि पेटीतलं तेवढंच पाणी काढून हे घालायचं. मीठ परदेशातून येतं, बाबा. मिठागरावर जन्म गेलेल्या माणसाची लेक समुद्राचं पाणी करायला पाकिटातलं मीठ विकत आणते, हे ऐकून तू किती वेळ हसला असतास कोण जाणे.

पाणी किती दिवसांनी बदलायचं, हा प्रश्न सगळ्यांना पडतो. मोबाईलवर बघावं तर दहा माणसं दहा गोष्टी सांगतात. कोणी म्हणतं आठवड्याला, कोणी महिन्याला, कोणी म्हणतं चांगलं मशीन असेल तर बदलूच नका. मला हा प्रश्न पडलाच नाही. मला तू दिसायचास, खाडीकाठच्या आपल्या मिठाच्या आगरात, गुडघ्यावर धोतर खोचून, अमावास्येच्या उधाणाची वाट बघत उभा. "दर्या पंधरा दिसांनी पोटभर येतो. तेव्हा आपन आपलं घ्यायचं. रोज मागायचं नाय, नि महिनाभर विसरायचं पन नाय." मी अमावास्या-पौर्णिमा धरूनच पाणी बदलायला लागले. दोन बादल्या काढायच्या, दोन घालायच्या. सहा वर्षांत एक कोरल मेलं नाही. माझ्या मैत्रिणी कॅलेंडरवर चतुर्थी बघतात, मी उधाण बघते, यावर हे सगळ्यांना हसवायचे.

तुझं ते पाणी मी एकदा बिघडवलंही होतं. मी दहा वर्षांची होते. शाळेला सुट्टी लागलेली, आईने तुझ्यासाठी तांदळाची भाकर आणि सुक्या बोंबलाचं कालवण देऊन पाठवलं. तू खोपटाच्या सावलीत झोपलेला. मी बांधावरून चालत शेवटच्या वाफ्यापाशी जाते आणि बघते तर पाणी तांबूस, गढूळ, वर साय धरल्यासारखं. मला वाटतं, घाण साचली. बाबा थकलाय, आपण स्वच्छ करून ठेवू. पलीकडच्या तळ्यात खाडीचं निवळ पाणी भरलेलं असतं. मी मधला मातीचा बांध टाचेने फोडते आणि ते पाणी आत धावतं. मला इतका आनंद होतो. तू उठून आलास तेव्हा पंधरा दिवस उन्हात आटवलेलं, उद्या-परवा मीठ धरणार होतं ते पाणी परत खाडीसारखं झालेलं होतं. तू मारलं नाहीस. चिखल उचलून बांध बुजवलास, हात धुतलेस आणि म्हणालास, "लाल दिसलं म्हनून तुला घान वाटली. मला उठवून विचारायचं होतंस. पान्याला एकदम बदललेलं सोसत नाय, पोरी." संध्याकाळी स्वयंपाकघरात आईने विचारलं, काय झालं, जेवत का नाही, तेव्हा माझ्याकडे न बघता तू म्हणालास, "खेकड्यानं बांध फोडला." आईने खेकड्यांना शिव्या घातल्या. मी खाली मान घालून भात कालवत राहिले.

एवढं शिकूनही बघ मी काय केलं. यंदा फेब्रुवारीपासून माझं सगळं विस्कटलं. मुलीची दहावी, माझ्या ऑफिसात दोन माणसं कमी झालेली, त्यात आईचं गुडघ्याचं ऑपरेशन. एक अमावास्या चुकली. मग पौर्णिमा. मग मी पेटीकडे बघणंच टाळायला लागले. माशांना खाणं टाकायचं आणि पाठ फिरवायची. जूनच्या शेवटी एका सकाळी उजेड तिरपा आत आला तेव्हा दिसलं, दगडांवर तांबडं, बुळबुळीत शेवाळ चढलंय, कोरल मिटून गेलीत, पाण्याला वास येतोय. पाच महिने, बाबा. मला माझी इतकी लाज वाटली की कुणी बघायच्या आत सगळं एका दिवसात लख्ख करायचं मी ठरवलं. अर्धं पाणी नाही, सगळं पाणी. दगडही काढून, घासून, उकळत्या पाण्याने धुऊन.

रविवारी मुलगी मैत्रिणीकडे गेली होती. मी मासे एका बादलीत काढून ती बाथरूमच्या दाराबाहेर ठेवली आणि दगड आतल्या टबात रचले. माझी कंबर धरली होती, म्हणून हे म्हणाले, "सरक, मी घासतो. तू नुसतं पाणी आणून दे." सहा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी त्या पेटीतल्या कशाला हात लावला. घासण्याच्या आवाजाने मासे घाबरून उड्या मारतील म्हणून बाथरूमचं दार त्यांनी आतून लोटून घेतलं. मी गॅसवर पातेली चढवत होते आणि दार ढकलून एकेक पातेलं दगडांवर ओतत होते. वाफ भसाभस वर यायची. त्या वाफेत हे वाकून तारेच्या ब्रशने घासत होते, मधूनच म्हणत होते, "तुझ्या समुद्राला वास फार गं." मी हसले. तेव्हा मी हसले, हे मला आता सहन होत नाही.

अर्ध्या तासाने ते बाहेर आले आणि म्हणाले, "तोंडाला पितळेसारखी चव येतेय." मी लिंबू सरबत दिलं. मग खोकला सुरू झाला. माझ्याही ओठांना मुंग्या येत होत्या, पण मला वाटलं दमणूक. तासाभरात ते हुडहुडी भरून पडले, अंग तव्यासारखं तापलं. आणखी थोड्या वेळाने त्यांना वाक्य पूर्ण बोलता येईना. दोन शब्द, मग श्वास. दोन शब्द, मग श्वास. मी शेजारच्यांना हाक मारली, आम्ही त्यांना धरून खाली उतरवलं आणि रिक्षाने हॉस्पिटल गाठलं.

तिथली डॉक्टर तरुण होती. ऑक्सिजन लावता लावता तिने विचारलं, "बाथरूम कशाने धुतलंत? अ‍ॅसिड? फिनेल?"

"काही नाही. फक्त गरम पाणी."

"नीट आठवा. हे असं गरम पाण्याने होत नाही."

मी तिला सांगत होते की खरंच गरम पाणी, आणि ती माझ्याकडे अशी बघत होती की जणू मी काही लपवतेय. कॉरिडॉरमध्ये येऊन मी मासेवाल्याला फोन लावला, ज्याच्या दुकानातून मी दगड आणि कोरल आणते त्याला. खरं तर मला एवढंच विचारायचं होतं की बादलीतले मासे संध्याकाळपर्यंत टिकतील का. बघ माझं डोकं कुठे होतं. मी सहज म्हटलं, दगड उकळत्या पाण्याने धुतले. त्याने मला मध्येच तोडलं.

"मॅडम, त्यावर ती बटणासारखी कोरल होती ना? तपकिरी?"

"हो."

"त्यांच्यात विष असतं. उकळलं की वाफेतून छातीत जातं. घरात कोण आहे आत्ता?"

मी भिंतीला टेकून खाली बसले. तीन वर्षं रोज सकाळी चहा घेताना मी ज्या फुलांकडे बघत होते, ज्यांना माझी मुलगी "आपली बाग" म्हणायची, त्यांच्या पोटात हे होतं. घरात कुणी नाही, म्हणून सांगितलं. तो म्हणाला, "आत जाऊ नका. मी येतो, खिडक्या उघडतो. डॉक्टरांना आधी हे सांगा, लगेच सांगा." मी तशीच उठून डॉक्टरकडे गेले. तिनेही हे कधी ऐकलेलं नव्हतं. तिने मोठ्या डॉक्टरांना फोन केला, मोबाईलवर वाचलं आणि मग मला शांतपणे म्हणाली, "याच्यावर उतारा असा नाही. श्वास आणि हृदय सांभाळत राहायचं. आजची रात्र आणि उद्याचा दिवस बघू." तो उद्याचा दिवस कसा गेला ते मी तुला लिहू शकत नाही. मशीनवरचा ऑक्सिजनचा आकडा वर गेला की मी जिवंत होत होते आणि खाली आला की मरत होते. तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी नाकावरचा मास्क बाजूला करून पूर्ण वाक्य म्हटलं, "मुलगी जेवली का?" मी बाहेर जाऊन नळ सोडला आणि रडले.

मासेवाला त्या रविवारीच शेजारच्यांकडून चावी घेऊन, तोंडाला जाड मास्क बांधून आमच्या घरी गेला होता. त्याने दगड पिशव्यांत बांधून नेले, बाथरूम धुतलं, मासे आपल्या दुकानात ठेवून घेतले. हॉस्पिटलमध्येही दोनदा येऊन गेला. चाळिशीचा साधा माणूस आहे. बाकावर माझ्याशेजारी बसून म्हणाला, "पंधरा दिवसांनी दहा-पंधरा टक्के, एवढंच करायचं असतं, मॅडम. चुकलं तर चुकलं. पुढच्या वेळी परत दहाच टक्के. मागची भरपाई एकदम करायला जायचं नाही." मग फार हळू आवाजात त्याने विचारलं, "हे गरम पाण्याचं मी तुम्हाला सांगितलं नव्हतं का? मी सगळ्यांना सांगतो. तुमच्या वेळी राहून गेलं का?"

शेजारी माझे दीर उभे होते. मी म्हटलं, "नाही. तुम्ही काही सांगितलं नव्हतं."

सांगितलं होतं, बाबा. तीन वर्षांपूर्वी तो बटणांचा दगड घेतला तेव्हा पिशवीला गाठ मारता मारता त्याने सांगितलं होतं, हातमोज्यांशिवाय धरू नका आणि याला गरम पाणी कधी लावू नका. मी "हो हो" म्हटलं आणि दुसऱ्या माशाची किंमत विचारली. हे मला हॉस्पिटलच्या बाकावर अगदी स्वच्छ आठवलं, त्याच्या हातातल्या रबरबँडसकट. आणि तरी मी नाही म्हटलं. तू खेकड्यावर ढकललंस ते माझ्यासाठी होतं. मी एका माणसावर ढकललं, आणि ते फक्त माझ्यासाठी. तो मान खाली घालून म्हणाला, "मग चूक माझी." त्याने माझी माफी मागितली. यांनीही घरी आल्यावर म्हटलं, "तुला कसं कळणार होतं?" दीर उद्या सकाळी पोलिसांकडे त्याची तक्रार द्यायला जाणार आहेत. कागद लिहून झालाय, माझी सही तेवढी राहिलीय. तो जेवणाच्या टेबलावर मिठाच्या डबीखाली ठेवलाय.

मी सही करणार नाही. दिरांना ते आजच सांगावं लागेल, आणि का ते यांना त्याआधी. आता आतून यांचा आवाज आला, "अगं, चहा टाकतेस का?" वाक्य पूर्ण, न थांबता. मी "हो" म्हटलं आणि अजून इथेच बसून लिहितेय. हे सगळं तुला आधी सांगितलं ते धीर यावा म्हणून नाही, बाबा. तुझ्याकडून उत्तर येणार नाही, एवढ्याचसाठी.