अप्पांचा दिवा

२ मार्च, सोमवार

दिवा लागला. पावणेसहाला! एवढ्या पहाटे उठून हा माणूस करतो तरी काय? अंथरुणातूनच हात लांब करून बटण दाबलं. म्हणजे तिकडे त्यांच्या कपाटावरचा दिवा लागला असणार. झालं बापलेकीचं बोलणं, आजच्यापुरतं.

काल मात्र सात वाजून गेले तरी पत्ता नव्हता. माझा जीव टांगणीला! मुद्दाम करतात. माझी खात्री आहे.

३ मार्च, मंगळवार

इंटरनेटवाल्यांचा माणूस येऊन गेला. आमच्या इमारतीला आता नव्या पद्धतीचे पत्ते मिळणार. जुने जगभर पुरेनासे झालेत. नवे इतके लांबलचक की वाचताना धाप लागते. ‘जुनंही चालू राहील मॅडम, घाबरू नका.’ मी कशाला घाबरू? मी दिवसभर ऑफिसात तेच करते – दोन यंत्रांची गाठ घालून द्यायची आणि ती सुटत नाही ना ते बघत बसायचं.

पण घरचा प्रोग्रॅम पुन्हा लिहायला हवा. दिव्याचा. डबी माझी, बटण माझं, आतलं सगळं मीच लिहिलेलं. अप्पांच्या डबीने तिकडून माझ्या घरच्या छोट्या कॉम्प्युटरचं दार ठोठावायचं, त्याने दार उघडायचं, की दोघांमध्ये वाट तयार. मग ते दाबतात, इथे लागतो. मी दाबते, तिथे लागतो.

अप्पांकडे अजून जुनीच लाइन आहे. नवी यायला किती वर्षं लागतील देव जाणे.

५ मार्च, गुरुवार

एक गंमत. वाट तयार झाली आणि कुणीच काही बोललं नाही, तर यंत्र गप्प बसून राहतं. पलीकडे कुणी आहे की वाट मध्येच तुटलीय, याची चौकशी दोन तास करतच नाही! तसा ऑप्शन बदलावा लागतो. मी आज बदलला. एका मिनिटावर आणला.

दोन तास अप्पांना फारच उतावीळपणा वाटला असता. आमचं चार वर्षं चाललंय.

लेकीला, ठकीला घेऊन मी नवऱ्याच्या घरातून निघाले, तेव्हा अप्पा म्हणाले होते, ‘परत जाशील त्या दिवशी बोलेन.’ मी गेले नाही. ते बोलले नाहीत. शब्दाचे पक्के! माझा हट्टही काही बाहेरून आणलेला नाही, घरचाच आहे. मग गेल्या वर्षी ते न्हाणीघरात पडले आणि आत्या मध्ये पडली. ‘अगं, तू फोन करत नाहीस, तो उचलत नाही. मी एकटी किती धावू? तुला यंत्रं येतात ना? मग कर काहीतरी!’ आत्या त्यांच्या मागच्याच गल्लीत राहते म्हणून एवढं तरी निभावतं. डबीला अप्पांची अट एकच. बोलायचं नाही, नुसतं दाबायचं.

पहिल्या दिवशी दिवा लागला तेव्हा मी रडले होते. कुणाला सांगितलेलं नाही.

८ मार्च, रविवार

नवा प्रोग्रॅम बसवला. अर्धा.

नव्या पद्धतीचं सॉकेट – म्हणजे ते ऐकत बसणारं दार – त्याला एक ऑप्शन असतो. एक लिहिलं की फक्त नव्या पत्त्यांवरून येणाऱ्यांना आत घेणार. शून्य लिहिलं की त्याच दारातून जुन्यांनाही. आमच्या ऑफिसातल्या मोठ्या बाईंचा दंडक – एकच लिहायचं, आणि जुन्यांसाठी वेगळं दार काढायचं. ‘एका दारात दोघांना कोंबू नका, मग कोण आलं कोण गेलं कळत नाही.’ बोटांना सवय झालीय. एक लिहून मोकळी झाले. दुसरं दार काढायला घेणार तोच ठकी आली, ‘आई, मला थंडी वाजतेय.’ अंग चटके बसावेत असं तापलेलं.

कपाळावर पट्ट्या ठेवत बसले. मधल्या वेळात चाचणीसाठी एक चिटुकला प्रोग्रॅम तेवढा लावला. माझ्याच दुसऱ्या कॉम्प्युटरवरून तो अप्पांसारखा बटण दाबतो. दिवा लागला. छान लागला.

९ मार्च, सोमवार

दिवा साडेसहाला. ठकीचा ताप उतरलाय. आज दोघांकडून बरी बातमी.

आत्याचा फोन – लेकीच्या बाळंतपणाला निघाली. महिनाभर तिकडेच. ‘तुझ्या बापाकडे आता तूच बघ हो. दिव्याने का होईना.’

११ मार्च, बुधवार

पुन्हा बरोबर साडेसहा. कालही तेव्हाच. काय शिस्त! झोप नीट लागत असणार, गुडघाही कुरकुरत नसणार. की आत्या नाही म्हणून मला काळजी वाटू नये असं मनात आलं? तसं म्हणणार नाहीत कधी. पण करतील.

आज मी बटण दोनदा दाबलं. एकदा नेहमीचं, एकदा त्याबद्दल.

१३ मार्च, शुक्रवार

ठकी फुरंगटून बसलीय. आजोबा खेळत नाहीत म्हणे! त्यांचा एक खेळ आहे. ती तीनदा दाबते, ते तीनदा दाबतात. ती पाचदा, ते पाचदा. मग ती दहा दाबून त्यांची फजिती करते. मला हे महिनाभर माहीतच नव्हतं. आजोबांना चार वर्षांपूर्वी पाहिलंय तिने, तेव्हा ती तीन वर्षांची होती. चेहरा आठवत नाही. पण ते रडीचा डाव खेळतात हे ठाम सांगते.

‘मी कितीदा दाबलं, ते काहीच करत नाहीत.’

म्हटलं, आजोबांचं वय झालंय, सकाळी सकाळी कंटाळा येत असेल. ‘त्यांना कंटाळा येत नाही,’ म्हणाली. आजोबांची वकीलच!

१४ मार्च, शनिवार

बढती मिळाली! काल निघताना मोठ्या बाईंनी केबिनमध्ये बोलावून सांगितलं. पगार वाढेल, आणि ठकीच्या शाळेच्या वेळा सांभाळून काम करता येईल, हे जास्त मोठं.

कुणाला सांगू? आज सकाळी दिवा लागला तेव्हा त्यालाच सांगितलं. मोठ्याने. ‘अप्पा, तुमची मुलगी वर गेली एक पायरी. तुम्ही म्हणाला होतात, एकटी कशी निभावशील. निभावलं.’ आणि बटण बराच वेळ दाबून धरलं.

दिव्याशी बोलणारी बाई! उद्या टेबलाशी बोलेन. पण बरं वाटलं. फार बरं वाटलं.

१६ मार्च, सोमवार

साडेसहा. घाईत आहे.

१७ मार्च, मंगळवार, संध्याकाळ

लिहिते. लिहिलं नाही तर डोकं फुटेल.

दुपारी ऑफिसात शंकासुर आला. आमच्याकडे प्रत्येक प्रोग्रॅम तपासतो, कशावरच विश्वास नाही, म्हणून हे नाव. म्हणाला, ‘अगं, एका गिऱ्हाइकाचं जोडलंच जात नाहीये. त्याच्याकडे जुनी लाइन आहे. तू जुन्यांचं दार काढलंयस ना?’ काढलं होतं. दुसरंच काहीतरी निघालं त्याचं. पण तो निघून गेला आणि मी खुर्चीतच गार पडले.

इथे काढलं. घरी?

घरी नाही. त्या रविवारी ठकी तापली आणि ते राहिलं ते राहिलंच. गेला आठवडाभर अप्पांची डबी दार ठोठावतेय आणि माझं यंत्र तिला आत घेत नाहीये. जुना पत्ता ना त्यांचा!

मग माझ्या टेबलावर दिवा कोण लावतंय?

मीच. तो चाचणीचा चिटुकला प्रोग्रॅम. माझ्याच घरातला, नव्या पत्त्याचा, म्हणून त्याला दार उघडं. साडेसहाची वेळही मीच घातलेली, ठकीच्या तापात विसरले आणि तो बंदच केला नाही. रोज साडेसहाला इमानेइतबारे बटण दाबतोय. अप्पांची शिस्त म्हणे! मी दाबलेलं बटणही त्यालाच पोचत होतं. ठकीचे तीन, ठकीचे दहा, सगळे त्यालाच. बढतीची बातमी मी माझ्याच कॉम्प्युटरला सांगितली.

आणि तिकडे अप्पांकडे आठवडाभर अंधार.

तशीच उठून घरी आले. अप्पांना फोन लावला. चार वर्षांनी! वाजला, वाजला, बंद पडला. पुन्हा. पुन्हा. उचलत नाहीत की उचलू शकत नाहीत? न्हाणीघराची फरशी डोळ्यांपुढून हलेना. आत्याला फोन केला. तिकडे बाळ रडत होतं, तिला आधी काही ऐकूच येईना. मग तिने अप्पांच्या शेजारच्या शिंप्याचा नंबर दिला.

‘ताई, घराला कुलूप आहे की! काका सकाळीच पिशवी घेऊन निघाले. कुठे म्हणून विचारलं, तर म्हणाले काम आहे.’

कुठे गेले? त्यांचं ना कुठे जाणं ना येणं. गुडघा दुखतो म्हणून कोपऱ्यावरच्या दुकानातही जात नाहीत, सामान घरी मागवतात. पिशवी कसली? दवाखान्याची? शिंपी म्हणाला, चालताना तर बरे वाटत होते. मला धीर द्यायचा म्हणूनही म्हणाला असेल.

चाचणीचा प्रोग्रॅम बंद केला. नुसता बंद नाही, पुसून टाकला. त्या ऑप्शनपुढे शून्य लिहिलं. मोठ्या बाईंना काय म्हणायचं ते म्हणू देत, माझ्या घराला एकच दार आणि ते सगळ्यांसाठी. जुन्या लाइनवरून दोनदा जोडून पाहिलं. जोडलं जातंय. आता उद्या दिवा लागला तर तो अप्पांचाच असेल, दुसऱ्या कुणाचा असूच शकत नाही.

ठकी विचारतेय, ‘आई, तू का रडतेस?’ म्हटलं, आजोबा खेळत होते गं. मीच खेळू दिलं नाही.

अप्पा, घरी परत या. नका बोलू माझ्याशी. जन्मभर नका बोलू. फक्त दाबा.

१८ मार्च, बुधवार

दिवा लागला नाही. दार वाजलं.

अप्पा. दाढी वाढलेली, हातात पिशवी, पिशवीत वायर नीट गुंडाळून डबी. ‘दिवा लागेना तुझा,’ म्हणाले. ‘आधी वाटलं रागावलीस. मग वाटलं, रागावली तरी लावेल.’ उशिरा पोचले म्हणून रात्र बसस्टँडवर काढली, झोपलेल्यांना उठवायचं नाही म्हणून.

‘अप्पा, फोन करायचा होता ना!’

‘फोनवर तू “बरी आहे” म्हणाली असतीस.’