जिन्याखालची बॅटरी

अप्पा, भूकंपानंतर दवाखान्याच्या तंबूत दिवे लागावेत म्हणून तुम्ही दुकानातल्या बॅटऱ्या स्कूटरवरून नेत होतात. मी एका बॅटरीचं झाकण उघडायला गेलो, तर तुम्ही हातावर फटका मारलात. “आधी वास घे. बिघडली की ती सांगती.” ती ॲसिडची बॅटरी होती. मी आता लिथियमच्या विकतो. त्या सांगत नाहीत. त्यांच्यात बीएमएस नावाचं एक सर्किट असतं. ते प्रत्येक सेलचं व्होल्टेज आणि तापमान बघतं, काही बिनसलं की लाइन तोडतं.

लातुरात आता गल्लोगल्ली क्लास आणि पोरींची होस्टेलं झालीत. त्यातल्याच एका होस्टेलला मी बॅटरी बसवून दिली होती; तिथल्या मालकीणबाईंचा मागच्या महिन्यात फोन आला. “भाऊ, इन्व्हर्टर सारखा बंद पडतोय. पोरींची परीक्षा हाय. ते सर्किट काढून डायरेक्ट जोडा की.”

“ताई, एखादा सेल खराब झाला असणार, म्हणून ते बंद पडतंय. सेल बदलू. तोवर चालू करू नका.”

“दुसऱ्याकडून करून घेते,” म्हणाल्या आणि फोन ठेवला. मला दुकानात बसवेना. दुपारी गेलोच. जिन्याखाली बॅटरीची पेटी फुगलेली, हात जवळ नेला तरी झळ लागत होती. सर्किटला वळसा घालून कुणीतरी जाड वायर जोडली होती, आणि चार्जिंग चालू होतं. मी मेन स्विच पाडला, अग्निशमनला फोन केला. वर तीन मजले पोरी, आणि उतरायला तो एकच जिना.

“वह्या राहू द्या, खाली या!” मी ओरडतोय. पोरी येतायत, एक चप्पल शोधायला परत वळते, मालकीणबाई तिला दंडाला धरून ओढतात. शेवटची पोरगी फाटकाबाहेर गेली आणि पेटीतून पांढरा धूर निघाला. मग भडका. आग विझली तेव्हा जिन्याच्या पायऱ्या काळ्या पडल्या होत्या. पोरी सगळ्या सुखरूप. बाई रस्त्यातच बसल्या होत्या. “भाऊ, मला वाटलं तुम्ही नुसतं घाबरवताय,” एवढंच म्हणाल्या.

माझी लेक नांदेडला होस्टेलात राहून क्लास करते. मी रोज फोन करतो आणि अभ्यासाचं सोडून इन्व्हर्टर कुठं ठेवलाय ते विचारतो. ती चिडते. हे पत्र तुम्हाला पोचणार नाही, म्हणून लिहितो: पोरी उतरत होत्या तेव्हा मी त्या पेटीपाशीच उभा होतो, पण धीर होता म्हणून नाही, अप्पा. पाय उचलतच नव्हते.